शनिवारचा आनंद आणि सोमवारची यादी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून दुसरे वर्ष काढणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या शाळेत परिपाठ नियमित होतो, खेळ आणि कृतींचा ‘आनंददायी शनिवार’ उत्साहाने पार पडतो, भिंतीवर मुलांच्या भावनांचा रंगीत तक्ताही लागला आहे. तरीही सहावीतली चार-पाच मुले वर्षभर गप्प असतात, मधल्या सुट्टीत दिसेनाशी होतात आणि काही विचारले तर मान खाली घालतात. ही मुले बहुतेक करून पालावरची किंवा ऊसतोड कुटुंबांतली आहेत. हा मानसिक आरोग्याचा, म्हणजे समुपदेशकाचा विषय मानायचा की सामाजिक न्यायाचा, आणि दुसरा मानला तर ‘शाळेत राजकारण आणू नका’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना काय सांगायचे, असे ते विचारतात.

बीड जिल्ह्यात आणि त्याच्या शिवेवरच्या वाड्यावस्त्यांवर मी २९ वर्षे शिकवते आहे, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून. माझ्या अनुभवात मूल शाळेत गप्प होते त्याचे कारण बहुतेक वेळा शाळेच्याच रोजच्या कामकाजात सापडते. कोणती यादी आपण मोठ्याने वाचतो, कोणाला उभे करतो, झाडू कोणाच्या हाती देतो, पैसे हरवले की आपली पहिली नजर कोणाकडे वळते, या सगळ्याला मी शाळेची संस्कृती म्हणते. स्नेहसंमेलन आणि फळ्यावरचा सुविचार त्यानंतर येतात. म्हणून तुमच्या प्रश्नातले दोन विषय मला वेगळे करता येत नाहीत. ज्या मुलाला आठवड्यात चार वेळा सर्वांसमक्ष उघडे पाडले जाते, त्याला शनिवारी एक तास आनंद देऊन भागत नाही.

गणवेशाचे घ्या. समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला दोन गणवेश मिळत, ते सर्व मुलींना आणि मुलांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतल्यांना. उरलेल्या मुलांची सोय राज्य शासनाने २०२३-२४ पासून केली. त्याआधीची कित्येक वर्षे आम्ही व्हरांड्यात टेबल मांडून यादी वाचत होतो. ज्याचे नाव पुकारले जाई त्याचा प्रवर्ग सगळ्या वर्गाला कळे, आणि ज्याचे येत नसे तो आपला जुनाच सदरा चाचपत बसे. एका वर्षी चौथीतला, दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातला खुल्या प्रवर्गातला मुलगा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि रांग संपली तरी तसाच उभा होता. त्याच्या बाकावरचा मित्र नव्या कपड्यांची घडी पोटाशी धरून त्याची वाट पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्या दोघांची मारामारी झाली आणि त्या भांडणात जातीवरून शिवी आली. तोवर त्या दोघांत जात हा विषयच नव्हता. शिवी देणाऱ्याला मी अर्धा तास वर्गाबाहेर उभे केले. यादी कोणी वाचली होती, हा विचार मात्र मला त्या संध्याकाळी घरी गेल्यावर सुचला.

नियम आम्हाला बदलता येत नव्हता, पण वाटप कसे करायचे ते आमच्या हातात होते. पुढच्या वर्षापासून पालकांना आठवडाभरात एकेक करून बोलावले, गणवेश पिशवीतून त्यांच्या हाती दिला, आणि जे यादीबाहेर राहिले त्यांचे कापड शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने वर्गणी काढून घेतले. पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनाला कोणाचा गणवेश कुठल्या पैशातून आला हे ओळखता येत नव्हते. दुर्बल घटकांतल्या मुलींचा दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या दाखल्याची मागणी, या साऱ्या गोष्टी तेव्हापासून आमच्याकडे पालकांशी बोलूनच होतात. ‘एससीवाले हात वर करा’ हे वाक्य आमच्या शाळेत बंद आहे. तुमच्या शाळेत ते म्हटले जाते की नाही, हे एकदा कान देऊन ऐका. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, त्याला तालुक्याला माहिती पाठवायची घाई असते. पण ऐकणाऱ्या मुलाला त्या घाईशी काही देणेघेणे नसते.

हजेरीपटाचेही तसेच आहे. आमच्या हजेरीपटात नावालगत जातीचा रकाना होता, आणि हजेरी टेबलावर उघडी पडलेली असे. पाचवीच्या मुलाला वाचता येते, हे आपण विसरतो. आता रोजची हजेरी साध्या वहीतून घेतो, मुले-मुली मिसळून, पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने; मूळ पट कार्यालयात नंतर भरला जातो. त्याला दिवसाची दहा मिनिटे जास्त जातात.

आणखी एक उपद्रव म्हणजे दानशूरांचे फोटो. शाळेला कोणी वह्या दिल्या तर त्यांचे आभार मानावेत, सत्कार करावा, पण वही घेताना मुलाने कॅमेऱ्याकडे पाहून हसावे ही अट मी मान्य करत नाही. एकदोन देणगीदार त्यामुळे नाराज झाले. एकांनी वह्या परत नेल्या.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट. सुमारे वीस वर्षांपूर्वी सहलीसाठी जमवलेल्या पैशांतली पन्नासची नोट हरवली. मी सगळ्या वर्गाची दप्तरे तपासली, म्हणजे अन्याय केला असे मला तेव्हा वाटले नाही. पण सुरुवात मी तिसऱ्या बाकावरच्या पारधी मुलापासून केली. का केली, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि होते तेही मला ठाऊक होते. नोट मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा दारातच थांबला, दप्तर उलटे करून त्याने पाटी, दोन वह्या आणि पेन्सिलीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, “बाई, बघून घ्या.” तिसऱ्या दिवशीही त्याने तेच केले. मी त्याला जवळ घेतले, नको म्हणून सांगितले, तरी तो आठवडाभर रोज दप्तर रिकामे करून दाखवत राहिला. त्यात राग नव्हता, एखादा नियम पाळावा तसे तो ते करत होता. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, पुढे पारधीही त्यात आले, आणि तो १९५२ साली रद्द झाला, हे मी डी.एड.ला वाचलेले होते. वाचून काही उपयोग झाला नव्हता. शेवटी मी वर्गासमोर सांगितले की त्या दिवशी तपासणी त्याच्यापासून सुरू केली ही माझी चूक होती, आणि माफी मागितली. मुलांना ते विचित्र वाटले, काही हसलीदेखील. तो मुलगा सातवीपर्यंत शाळेत टिकला. त्याचे श्रेय माझ्या माफीला कितपत द्यावे, याबद्दल मी साशंक आहे, कारण त्याची आजी त्याला रोज हाताला धरून आणून सोडत असे. पण त्या दिवसापासून आमच्या शाळेत दप्तरांची झडती होत नाही. काही हरवले तर एक रिकामा डबा व्हरांड्यात ठेवतो आणि वस्तू आपोआप परत येण्यासाठी एक दिवस देतो. बऱ्याचदा ती येते.

पाणी आणि जेवण या दोन ठिकाणी शाळेची संस्कृती सर्वांत स्पष्ट दिसते. ७ नोव्हेंबर हा आपल्याकडे विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, कारण १९०० साली त्या तारखेला भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे, हे आपण त्या दिवशी भाषणात सांगतो. भाषण संपल्यावर आपल्या शाळेतल्या पिंपाकडे जा. पिंप कोण भरते? प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, त्यामुळे भरणारी मुलेच असतात, आणि तुमच्या लक्षात येईल की पाणी भरायला काही ठरावीक मुली जातात, वर्ग झाडायलाही बहुतेक मुलीच जातात, आणि मुतारीत पाणी ओतायचे काम फिरून फिरून त्याच दोन-तीन मुलांकडे येते. कोणी तसे ठरवलेले नसते. ‘तो नाही म्हणत नाही’ म्हणून त्याला सांगितले जाते, आणि तो नाही का म्हणत नाही हे कोणी विचारत नाही. आम्ही चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावल्या, त्यात शिक्षकांची नावेही टाकली. पहिल्या सोमवारी मुतारीची पाळी माझी आली, तेव्हा मुलांनी जो आनंद व्यक्त केला तो कुठल्याही शनिवारी मी पाहिलेला नाही.

पोषण आहाराबद्दल एवढेच सांगते की सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि २००४ साली स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे असेही सांगितले; त्यामागे मुलांनी एका पंगतीत, कोणाच्याही हातचे जेवावे हा हेतू होता. मुले जेवतातही. घरचा डबा आणणारी मुले मात्र हळूहळू वेगळी बसू लागतात आणि डबा व खिचडी अशा दोन पंगती पडतात. यावर बंदी घालू नका. शिक्षकाने ताट घेऊन खिचडीच्या पंगतीत बसावे, रोज बसावे. महिन्याभरात डबेवाले सरकतात.

ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या वर्गातली गप्प मुले बहुधा हीच आहेत. दसरा उलटला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, ज्यांना आमच्याकडे कोयता म्हणतात, सांगली, सातारा, कोल्हापूर किंवा कर्नाटकाकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. गावात आजी असेल किंवा हंगामी वसतिगृह सुरू झाले असेल तर मूल मागे राहते. नसेल तर जाते. उसाच्या फडावर ते धाकट्या भावंडाला सांभाळते, उसाचे वाढे गोळा करते, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, भाकरी थापायला शिकते. मार्चअखेर ते वर्गात येते तेव्हा हातावर पाचटाने कापल्याच्या रेघा असतात आणि पुस्तक चाळीस पाने पुढे गेलेले असते. त्या वेळी त्याच्या कानावर पहिले वाक्य काय पडते? मी स्वतः अनेक वर्षे ‘कुठे उलथला होतास?’ असेच म्हणत आले. ते मायेने म्हटलेले असते, आमच्या बोलीत त्याला धार नसते, तरी त्याचा अर्थ ‘तू नव्हतास, ही तुझी चूक’ असाच होतो. त्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, आणि पाच-सहा महिने फडावर असलेले मूल आल्या आल्या तिला बसते. नापास झाले तर फेरपरीक्षा आहे, हे खरे. पण नापासाचा शिक्का त्याच्या मनावर आधीच बसलेला असतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ या बाबतीत अगदी स्वच्छ आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश देणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, दाखला उशिरा आला म्हणून कलम ५ नुसार प्रवेश नाकारता येत नाही, आणि मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. म्हणून दसऱ्याच्या आधी प्रत्येक घरी जाऊन कोण जाणार आणि कोण राहणार याची नोंद करा, जाणाऱ्याच्या हाती दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचे शिक्षण हमी पत्रक द्या, त्याच्या आईचा किंवा मुकादमाचा फोन नंबर घ्या आणि महिन्यातून एकदा वर्गातून फोन लावा. आम्ही स्पीकर चालू ठेवून लावतो. मुले एकमेकांना काय बोलतात ते ऐकण्यासारखे असते. बहुतेक वेळा क्रिकेटबद्दल असते.

परत आलेल्या मुलाला त्याने पाहिलेले मांडू द्यावे, याचाही उपयोग होतो, पण जपून. सातवीत शेकडेवारी शिकवताना नुकत्याच परतलेल्या एका मुलीला मी विचारले की तोडणीचा दर किती वाढला. तिला तोंडपाठ होते: टनाला २७३ रुपये होते, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली. तिने फळ्यावर गणित मांडले, ३६५ रुपये ८२ पैसे आले, आणि ‘३६६ धरतात’ असे तिनेच सांगितले. मग तिने दिवसाचे टन, आठवड्याची खेप आणि उचलीतून होणारी कपात मांडली, तेव्हा गावातल्या दुकानदाराचा मुलगा पहिल्यांदाच तिला शंका विचारत होता. त्याच वर्गातल्या एका मुलाने मात्र ‘मला फडाचे काही सांगायचे नाही’ असे म्हटले आणि तो खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याला तसे म्हणता आले, हेही मला पुरेसे वाटले. मुलाच्या कष्टांचा धडा करायचा असेल तर आधी त्याला एकट्यात विचारा, आणि तो नको म्हणाला तर कारण विचारू नका.

समुपदेशकाची गरज नाही, असा याचा अर्थ तुम्ही काढू नये. मूल जेवत नसेल, झोपेत ओरडत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा एकाएकी कोणा एका माणसाला घाबरू लागले असेल, तर आपण शिक्षक आहोत, वैद्य नाही, हे ओळखून त्याच दिवशी मदत घ्यावी. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानस हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर वर्गात मुलांच्या उंचीवर लिहिलेले असावेत. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी शहानिशा करू, गावात बोभाटा नको’ असे म्हणणारा सहकारी मुलाचे नुकसान करतोच, स्वतःही गुन्ह्यात अडकतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी कागदावर सगळीकडे आहेत. आमची पेटी कार्यालयाच्या दाराला टांगलेली होती, मुख्याध्यापकांच्या नजरेसमोर, आणि तीन वर्षांत तिच्यात एक चिंचोका आणि दोन चॉकलेटचे कागद निघाले. ती मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात हलवली, किल्ली समितीतल्या पालक महिलेकडे दिली, आणि दुसऱ्याच महिन्यात तिच्यात चिठ्ठी आली. आठवीतल्या एका मुलीची सोयरीक ठरत होती.

‘राजकारण आणू नका’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांशी वाद घालू नका, त्यांच्या हाती शिक्षण हक्क कायद्याची प्रत द्या. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलाला भेदभाव सोसावा लागणार नाही हे पाहणे कलम ८ आणि ९ मध्ये लिहिले आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कलम १७ ने मनाई केली आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा एवढेच म्हटले नव्हते, शिक्षक कोणत्या समाजांतून यावेत हेही सांगितले होते. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि दोन वर्षांत अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवले. शाळेत कोण कोणाशेजारी बसते, हा प्रश्न महाराष्ट्रात शाळेइतकाच जुना आहे. ज्येष्ठांची एक बाजू मात्र मला पटते. अनेकांना भीती असते की जातीचे नाव काढले की वर्गात फूट पडेल. फूट नाव काढल्याने पडत नाही, पण भाषण ठोकल्याने पडू शकते, हे मी पाहिले आहे. मुलांपुढे न्यायावर बोलण्याऐवजी पाळ्यांच्या चिठ्ठ्या टाका. गणवेश न मिळालेल्या त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलालाही तुम्ही विसरलेला नाहीत, हे त्याच्या घरी दिसले की त्याचे वडील तुमच्या बाजूने उभे राहतात.

शिक्षकाच्या मनःस्वास्थ्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही. दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती आणि रोज अपलोड करायचे फोटो सांभाळून वर सोळा हजार मानधनात राहणारा शिक्षणसेवक चिडला तर तो चिडणारच. फक्त चिडलेल्या दिवशी हजेरी दुसऱ्याला घ्यायला सांगा. मी सांगते.

तुमच्या त्या चार-पाच मुलांपासून सुरुवात करायची तर त्यांना एवढ्यात काही विचारू नका. एक आठवडा मधल्या सुट्टीत त्यांच्या मागे अंतर ठेवून चालत जा. आमच्या शाळेतला असाच एक मुलगा रोज खिचडी घेऊन गायब होत असे आणि आम्ही त्याला एकलकोंडा समजत होतो. तो भिंतीमागून घरी जात असे, ताटातली अर्धी खिचडी दृष्टी गेलेल्या आजीला भरवत असे आणि घंटेच्या आत धावत परत येत असे, म्हणून वर्गात आला की धापा टाकत मान खाली घालून बसे. ते कळल्यावर स्वयंपाकाच्या ताई त्याच्या ताटात दोन डाव जास्त वाढू लागल्या आणि मी घंटा पाच मिनिटे उशिरा द्यायला लागले.